जुन्या बाजारात मिळालेला फेल्शोबान्याचा स्टिबनाइट: त्यावरचे पिवळे तुरे काढावेत का?

प्रश्न विचारणारे: पेठेतला संग्राहक

नमस्कार. मी पुण्यात राहतो आणि अनेक वर्षे आपल्या परिसरातील झिओलाइट (बेसाल्टच्या पोकळ्यांत मिळणारी सिलिकेट खनिजे) गोळा करतो, मात्र परदेशी धातुखनिजांशी माझा आजवर फारसा संबंध आलेला नाही. मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात एका विक्रेत्याकडे एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून निघाली असावीत अशी लाकडी खोकी होती. त्यांपैकी एका खोक्यात कापसात गुंडाळलेला, तळहातावर मावेल एवढा एक नमुना मला मिळाला. शिशासारख्या करड्या रंगाच्या लांबट सळ्यांचा तो झुबका असून सळ्यांवर उभ्या रेघा आहेत आणि काही सळ्या टोकाशी किंचित वाकलेल्या आहेत. मधूनमधून पांढरट ते मधाळ रंगाच्या पातळ चौकोनी पाट्या बसलेल्या आहेत. सळ्यांच्या बेचक्यात अतिशय बारीक, फिकट पिवळे तुरे दिसतात, जे मला प्रथम धूळ किंवा बुरशी वाटले.

सोबतच्या चिठ्ठीवर ‘डॉ. एफ. क्रान्ट्झ, बॉन’ असे छापलेले असून खाली शाईने ‘आन्टिमोनिट, फेल्शोबान्या, उन्गार्न’ असे जर्मन हस्ताक्षर आणि एक क्रमांक आहे. ‘आन्टिमोनिट’ म्हणजे स्टिबनाइट, अँटिमनी या धातूसदृश मूलद्रव्याचे खनिज, आणि ‘उन्गार्न’ म्हणजे हंगेरी. हे गाव आजच्या हंगेरीच्या नकाशात मला सापडले नाही. ते नेमके कोठे आहे, चिठ्ठीवर विश्वास ठेवावा का, आणि हा नमुना, विशेषतः ते पिवळे तुरे, कसा स्वच्छ करावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. घरात लहान मुले आहेत, त्यामुळे तो घरात ठेवणे सुरक्षित आहे का, हेही कृपया सांगावे.

उत्तर: बेसाल्टप्रेमी

अभिनंदन, वस्तू चांगली दिसते. आपण आपल्याकडची स्टिल्बाइट आणि अॅपोफिलाइट ही खनिजे जशी स्वच्छ करतो, तसेच येथेही करता येईल असे मला वाटते. रात्रभर साध्या पाण्यात भिजवावे, मग ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणात ठेवावे. पिवळा डाग बहुधा लोहाचा असल्याने तो निघून जाईल. पांढऱ्या पाट्या कॅल्साइटच्या असतील आणि नको असतील, तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने त्याही काढता येतील.

उत्तर: खाणवाट

वरील सल्ला कृपया तूर्त अमलात आणू नये. झिओलाइटच्या बाबतीत ती पद्धत रुळलेली आहे, कारण तेथे घट्ट सिलिकेट स्फटिकांवरचा लोहाचा थर आणि माती काढायची असते. येथे मुख्य खनिजाची, म्हणजे स्टिबनाइटची, कठीणता दहापैकी केवळ २ आहे, म्हणजे नखानेही त्यावर चरा पडतो. त्याच्यात लांबीच्या दिशेने एक अत्यंत सहज फुटणारा पृष्ठभाग असतो. आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ते विरघळून हायड्रोजन सल्फाइडचा विषारी वायू बाहेर पडतो. पांढऱ्या पाट्यांविषयी म्हणाल तर फेल्शोबान्याच्या स्टिबनाइटवर बसलेले पाट्यांच्या आकाराचे पांढरट किंवा पिवळसर स्फटिक बहुधा बॅराइटचे, म्हणजे बेरियमच्या सल्फेटचे, असतात. बॅराइट आम्लाला दाद देत नाही, त्यामुळे आम्लाने पाट्या तशाच राहतील आणि त्यांच्यामधला नाजूक भाग मात्र बिघडेल. शिवाय स्टिबनाइटवर बॅराइट ही जोडी या ठिकाणच्या नमुन्यांची ओळखच आहे. ती काढून टाकण्यात काहीच लाभ नाही.

आता ठिकाण. फेल्शोबान्या हे हंगेरियन नाव असून ते गाव आज रुमानियाच्या वायव्य भागात, मारामुरेश जिल्ह्यात, बाया मारे शहराच्या पूर्वेस साधारण दहा किलोमीटरवर आहे आणि त्याला बाया स्प्रिए म्हणतात. तेथील खाणकामाचे उल्लेख चौदाव्या शतकापासून मिळतात. ४ जून १९२० रोजी झालेल्या त्रियानोंच्या तहाने हा प्रदेश रुमानियाकडे गेला. म्हणून ‘उन्गार्न’ लिहिलेली चिठ्ठी त्याआधीची असण्याची शक्यता अधिक आहे, तरी तो पुरावा समजू नये. व्यापारी जुनी नावे पुढेही वापरत राहतात, आणि ऑगस्ट १९४० ते १९४४ या काळात हा भाग पुन्हा हंगेरीकडे होता. अर्थात महायुद्ध चालू असताना बॉनहून पुण्याच्या एखाद्या महाविद्यालयात खनिजांची पेटी आली असेल, हे मला संभवनीय वाटत नाही. क्रान्ट्झ ही पेढी १८३३ मध्ये फ्रायबर्ग येथे सुरू झाली, पुढे बॉनला स्थिरावली आणि शिक्षणासाठी खनिजांचे संच जगभर पाठवू लागली. ‘डॉ. एफ.’ म्हणजे संस्थापकाचे पुतणे फ्रीड्रिश क्रान्ट्झ, ज्यांच्या हाती पेढीचा कारभार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला. या दोन्ही बाजू लक्षात घेतल्या, तर आपली चिठ्ठी साधारण १८९० ते १९२० या दरम्यानची ठरते.

पिवळ्या तुऱ्यांविषयी मात्र मी अधिक सविस्तर लिहितो, कारण या नमुन्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट कदाचित तीच असेल. बाया स्प्रिए ही केवळ देखण्या स्टिबनाइटची खाण नव्हे. अँटिमनीची अनेक खनिजे जगाला प्रथम तेथूनच माहीत झाली. हंगेरियन खनिजशास्त्रज्ञ योझेफ क्रेन्नर यांनी तेथील शिसे आणि अँटिमनीच्या एका सल्फाइडाचे १८८१ मध्ये वर्णन करून त्याला सेमसेयाइट हे नाव दिले, आणि १८९२ मध्ये चांदीयुक्त अशा दुसऱ्या एका खनिजाला अँडोराइट म्हटले. दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत: खनिजसंग्रहावर आपली संपत्ती खर्च करणारे अँडोर शेम्शेइ यांच्या आडनावावरून पहिले आणि नावावरून दुसरे. संग्राहकांना एवढा मान क्वचितच मिळतो, म्हणून ही नोंद येथे केली.

आपल्याशी संबंधित आहे ते तिसरे, म्हणजे क्लेबेल्सबर्गाइट. व्हिक्टर झिव्नी यांनी १९२९ मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्यावेळचे हंगेरीचे धर्म व शिक्षणमंत्री कुनो क्लेबेल्सबर्ग यांचे नाव त्याला दिले. रासायनिकदृष्ट्या ते अँटिमनीचे सल्फेट असून त्यात ऑक्सिजन आणि हायड्रॉक्सिलही (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आहे. स्टिबनाइटचे ऑक्सिडीभवन होऊन ते तयार होते, आणि दिसते कसे, तर स्टिबनाइटच्या सळ्यांच्या बेचक्यात फिकट पिवळ्या ते नारिंगी-पिवळ्या अतिसूक्ष्म सुयांचे तुरे. आपण केलेले वर्णन वाचून हेच नाव मनात आले. नंतर ते इटलीतील तोस्काना प्रांतातील पेरेता येथेही सापडले आहे, तरी एकंदरीत ते दुर्मीळच आहे.

याचा अर्थ आपल्याकडे ते आहेच असा नव्हे. पिवळ्या रंगाचे दावेदार आणखीही आहेत. स्टिबनाइट हवेने बदलून त्याची स्टिबिकोनाइटसारखी पिवळसर ऑक्साइडे होतात. ती मातकट असतात आणि बहुधा मूळ सळीचा आकार तसाच ठेवून तिची जागा घेतात. त्याच खाणीत मनशीळही (आर्सेनिकचे लाल-नारिंगी सल्फाइड) सापडते, आणि मनशिळेवर प्रकाश पडत राहिला की तिची पिवळी-नारिंगी भुकटी होते. मूळ गंधकही असू शकतो. त्याची चकाकी राळेसारखी असते. म्हणून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून नीट पाहून कळवावे: पिवळा भाग भुकटी आहे, सळीवरची साल आहे, की एका बिंदूतून फाकलेल्या स्वतंत्र सुया आहेत? आणि नमुन्याच्या तळाशी एखादा कागदी अंक चिकटवलेला आहे का, तेही पाहावे.

उत्तर: संशयात्मा

खाणवाट यांच्या ज्ञानाविषयी आदर ठेवून एक शंका मांडतो. जुन्या बाजारात चिठ्ठी एकीकडची आणि दगड दुसरीकडचा असे सर्रास होते. गेल्या काही दशकांत चीनमधील हूनान आणि जिआंगशी प्रांतांतून स्टिबनाइट मोठ्या प्रमाणावर बाजारात आला असून तोही लांब आणि चकचकीत असतो. चिठ्ठी जुनी असली म्हणजे नमुना जुना ठरत नाही, आणि जुन्या चिठ्ठीमुळे किंमत वाढते हे विक्रेत्यांनाही ठाऊक असते.

पेठेतला संग्राहक

सर्वांचे आभार. आम्लाची बाटली कपाटात परत ठेवली आहे. नमुना उलटा करून पाहिला असता तळाच्या राखाडी खडकावर पिवळट पडलेल्या कागदाचा एक छोटा चौकोन चिकटवलेला आढळला आणि त्यावरील छापील अंक चिठ्ठीवरील क्रमांकाशी तंतोतंत जुळतो. विक्रेत्याने हे सर्व मुद्दाम जुळवले असेल असे वाटत नाही, कारण त्याने किंमत खोक्याची सांगितली होती आणि दगड बाहेर काढून ठेवायला सुचवले होते.

भिंगातून पाहता पिवळा भाग भुकटीसारखा मुळीच दिसत नाही. बेचक्याच्या तळातून फाकलेल्या, काचेसारख्या चमकणाऱ्या सुया आहेत. त्या एक मिलिमीटरपेक्षा बऱ्याच लहान असाव्यात. मनशिळेचा लाल-नारिंगी रंग कोठेही आढळला नाही. मात्र एका कडेला कापसाचे तंतू सळ्यांमध्ये अडकले आहेत आणि ते ओढून काढण्याचे धाडस मला होत नाही.

उत्तर: खाणवाट

तळाचा क्रमांक जुळणे ही मोठीच गोष्ट आहे. संशयात्मा यांची शंका रास्त होती, परंतु पाट्यांच्या आकाराचा बॅराइट, राखाडी खडक आणि जुळणारा क्रमांक हे तिन्ही एकत्र आल्यावर चिठ्ठी खरी मानण्यास मला अडचण वाटत नाही. यापुढे चिठ्ठी आणि नमुना वेगळे करू नयेत. चिठ्ठीचे छायाचित्र काढून ठेवावे आणि मूळ कागद आम्लरहित पाकिटात त्याच खोक्यात ठेवावा. संशोधनात अशा नमुन्याला किंमत असते ती ठिकाणाच्या नोंदीमुळे. ही खाण या शतकाच्या पहिल्या दशकात बंद झाली, त्यामुळे तेथून नवा माल निघत नाही.

कापसाचे तंतू ओढू नयेत. बारीक कात्रीने सळीपासून थोड्या अंतरावर कापावेत आणि उरलेले टोक राहू द्यावे. पाणी टाळावे, सूक्ष्म सुया एकदा भिजल्या की वाळताना पाण्याच्या पृष्ठताणामुळे एकमेकींना चिकटून बसतात आणि पुन्हा सुट्या होत नाहीत. धूळ काढायला कॅमेऱ्याच्या भिंगासाठी मिळणारा रबरी फुंकर पुरेसा आहे, तोही दुरून वापरावा. तुरे तर काढूच नयेत. प्रश्नातील एवढ्या एका गोष्टीचे उत्तर मी ठाम ‘नाही’ असे देतो.

उत्तर: निवृत्त रसायनशिक्षिका

सुरक्षिततेचा प्रश्न मागे पडला, म्हणून लिहिते. स्टिबनाइट म्हणजे अँटिमनीचे सल्फाइड. त्यात वजनाने सुमारे ७२ टक्के अँटिमनी असते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे काचेच्या कपाटात ठेवलेल्या नमुन्यापासून घरातील कोणालाही धोका नाही. धोका असतो तो भुकटीपासून आणि धुरापासून. स्टिबनाइट सुमारे ५५० अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे मेणबत्तीच्या ज्योतीतही त्याचा कण वितळतो, आणि जुन्या पुस्तकांत ही ओळखण्याची खूण म्हणून दिलेली असते. घरी हा प्रयोग करू नये. सल्फर डायऑक्साइड आणि अँटिमनी ऑक्साइडचा धूर बाहेर पडतो. नमुना हाताळल्यावर हात धुवावेत, स्वयंपाकघरात ठेवू नये आणि गळून पडलेली भुकटी ओल्या कागदाने टिपून घ्यावी, झाडू मारू नये. स्टिबनाइट ज्या खडकातील धातुशिरांमध्ये मिळतो, त्यांत शिसे आणि आर्सेनिकही सोबत असतात, हे ध्यानात ठेवलेले बरे.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण असे नमुने पाहिल्यावर घरातील वडीलधारी मंडळी हमखास ‘हाच तो सुरमा’ असे म्हणतात. जुन्या काळी स्टिबनाइटची पूड डोळ्यांत घालत असत हे खरे, पण बाजारात सुरमा म्हणून विकल्या गेलेल्या पुडींच्या तपासणीत शिशाचे सल्फाइड वारंवार आढळले आहे. दोन्हींपैकी काहीही डोळ्यांत घालू नये.

अँटिमनी आपल्या शहराला अगदीच परका आहे असेही नाही. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातील छापखान्यांत जे खिळे जुळवत असत, ते शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. अँटिमनीमुळे मऊ शिसे टणक होते आणि साच्यातून अक्षराची कड स्पष्ट उमटते.

उत्तर: भूशास्त्राची विद्यार्थिनी

माझा एक उपप्रश्न आहे. बाया स्प्रिएचा खडकही ज्वालामुखीजन्य आहे आणि आपला दख्खनचा बेसाल्टही. मग पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीत कॅव्हनसाइट हे व्हॅनेडियमयुक्त निळे खनिज आणि झिओलाइट मिळतात, पण स्टिबनाइट का मिळत नाही?

उत्तर: खाणवाट

प्रश्न चांगला आहे आणि विषयाला धरूनही आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून पसरून थरावर थर साचत गेला. त्याच्या पोकळ्या नंतर खडकातून झिरपणाऱ्या कोमट ते गरम पाण्याने भरल्या, आणि त्या पाण्याने बेसाल्टमधूनच उचललेले कॅल्शियम, सोडियम, अॅल्युमिनियम आणि सिलिका तेथे स्फटिकरूपाने बसले. वाघोलीला व्हॅनेडियम आला हा एक दुर्मीळ योग. बाया मारे परिसरातील ज्वालामुखी मात्र कार्पेथियन पर्वतरांगेच्या आतील बाजूस, भूपट्टांच्या टकरीशी संबंधित पट्ट्यात, साधारण ७० लाख ते १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी जागे होते. तेथे अँडेसाइटसारख्या ज्वालामुखीजन्य खडकाखाली थिजत असलेल्या शिलारसाने उष्ण, गंधकयुक्त पाणी दीर्घकाळ फिरते ठेवले आणि भेगांमध्ये धातूंच्या शिरा साचल्या. बाया स्प्रिएच्या शिरांत वरच्या पातळीवर सोने-चांदी, त्याखाली शिसे-जस्त आणि खोलवर तांबे असा क्रम दिसतो. अँटिमनी गरम पाण्यात विरघळलेल्या अवस्थेत बराच प्रवास करते आणि पाणी थंड होऊ लागले की स्टिबनाइटच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून तो शेवटच्या, कमी तापमानाच्या टप्प्यात, बॅराइटच्या सोबतीने, मोकळ्या पोकळ्यांत वाढलेला आढळतो.

थोडक्यात, पोकळी दोन्हीकडे आहे. तिच्यात आलेले पाणी कोठून, किती तप्त आणि काय घेऊन आले, यावर सगळे ठरले.

पेठेतला संग्राहक

आपल्या सर्वांच्या सल्ल्यानुसार मी तुऱ्यांना हात लावलेला नाही. आता ते क्लेबेल्सबर्गाइटच आहेत की नाही, हे ठरवायचे असल्यास कोणती चाचणी मागावी? विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात चौकशी करण्याचा माझा विचार आहे, पण तेथे गेल्यावर नेमके काय विचारावे हेच कळत नाही.

उत्तर: निवृत्त रसायनशिक्षिका

केवळ मूलद्रव्ये मोजणारी चाचणी मागितलीत, तर फसगत होण्याचा संभव आहे. क्लेबेल्सबर्गाइटमध्ये अँटिमनी आणि गंधक दोन्ही असतात, आणि खालच्या स्टिबनाइटमध्येही तीच दोन मूलद्रव्ये असतात. सुई इतकी बारीक आहे की किरण तिच्या आरपार जाऊन खालचा भागही मोजतील. रामन वर्णपट, म्हणजे नमुन्यावर लेसर टाकून परतणाऱ्या प्रकाशाची तपासणी, अधिक उपयोगी आहे, कारण त्यात सल्फेट वेगळे ओळखता येते. मात्र बॅराइट हेही सल्फेटच आहे आणि त्याची ठळक रेषा वर्णपटात प्रति सेंटिमीटर ९८८ च्या आसपास येते. म्हणून पाट्यांपासून दूर असलेला तुरा निवडण्यास सांगावे आणि हायड्रॉक्सिलच्या उच्च पट्ट्यापर्यंत मोजणी करण्याची विनंती करावी. स्टिबनाइट आणि बॅराइट या दोहोंतही हायड्रॉक्सिल नाही, त्यामुळे सल्फेट आणि हायड्रॉक्सिल दोन्ही एकाच सुईत दिसले, तर क्लेबेल्सबर्गाइटचा पक्ष बळकट होईल. शेवटचा निर्णय एखाद्या सुट्या सुईच्या क्ष-किरण विवर्तनानेच, म्हणजे स्फटिकातील अणूंची रचना दाखवणाऱ्या चाचणीनेच, व्हावा.

लेसरची शक्ती अगदी कमी ठेवण्यास आवर्जून सांगावे. तीव्र लेसरखाली स्टिबनाइटचेच ऑक्साइड होते, आणि मग यंत्र आपणच तयार केलेले खनिज आपल्याला दाखवते.

उत्तर: खाणवाट

यात दोन सूचनांची भर घालतो. नमुना उजेडात ठेवू नये. स्टिबनाइटची आरशासारखी चकाकी प्रकाशाने आणि दमट हवेने हळूहळू मंदावते, आणि आपल्याकडचा पावसाळा तिला मुळीच मानवणारा नाही. बंद खोक्यात सिलिका जेलची पुडी ठेवून ती जून ते सप्टेंबर या काळात अधूनमधून बदलावी.

विद्यापीठात नेताना कापूस किंवा कागद सळ्यांभोवती अजिबात कोंबू नये. तळाचा खडक खोक्याच्या बुडाशी मऊ चिकटमातीने घट्ट बसवावा, चिकटवलेला क्रमांक तिच्याखाली येणार नाही याची काळजी घ्यावी, सळ्यांच्या चारही बाजूंना मोकळी हवा राहू द्यावी आणि ते खोके फोम भरलेल्या दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवावे. दुचाकीवरून मात्र नेऊ नये.